वाटेवरचें गांव

मी निवृत्त झाल्यापासून माझा मुलगा मला पुण्यास येऊन राहण्याचा आग्रह करीत आहे. परवां बोलतां बोलतां तो म्हणाला, "बाबा, कल्याणांत आपलें असें आहे काय? तें गाडी बदलण्याचें ठिकाण, राहण्याचें नव्हे." मी गप्प बसलों. कारण तीस वर्षें मींही या गांवाकडे फलाटावरूनच पाहिलें होतें. पारनाक्याजवळच्या घरांत रात्र काढावयाची आणि सकाळीं लोकलच्या गर्दींत शिरावयाचें, यालाच मी राहणें म्हणत होतों.

मुलाचें बोलणें अगदींच खोटें नव्हतें. कल्याण हें पहिल्यापासूनच वाटेवरचें गांव. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत या बंदराचें नांव आहे. येथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जात, हेंही त्यांत नमूद आहे. बंदरावरचा माल माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून नाणेघाट चढून जुन्नरास जाई. मागल्या हिवाळ्यांत मी तो घाट दम खात खात चढलों. माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा, यज्ञांची आणि दानांची गणती सांगणारा लेख आहे. जवळच एक दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें म्हणतात. रांजण रिकामा आहे. वाट मात्र शिल्लक आहे.

जेथून माल जातो तेथून धर्मही जातो. व्यापाऱ्यांच्या वाटांवरच बौद्ध भिक्षूंचे विहार उभे राहिले. सहाव्या शतकांत कॉस्मस या ग्रीक लेखकानें 'कल्लियाना' येथें इराणांतून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचें लिहिलें; तें आपलेंच कल्याण, असें बहुतेक अभ्यासक मानतात. शेजारच्या ठाण्यास 1321 सालीं चार फ्रान्सिस्कन साधू उतरले. त्यांना जावयाचें होतें चीनला. काजीपुढें झालेल्या धर्मवादानंतर ते येथेंच मारले गेले. पुढें ओडोरिक नांवाच्या साधूनें त्यांच्या अस्थि चीनपर्यंत नेल्या. मेल्यावरही त्यांचा येथील मुक्काम मुक्कामच ठरला!

मग आगगाडी आली. 1853 सालीं ती ठाण्यास पोंचली आणि 1 मे 1854 रोजीं कल्याणास. येथून रुळांना दोन फांटे फुटले. 1863 सालीं गाडी बोरघाट चढली, 1865 सालीं थळघाट. नाणेघाट तेवढा मागें राहिला. अशा गांवाला कोणी आपलें कां म्हणावें?

याचें उत्तर मला साष्टीच्या डोंगरांत, कान्हेरीच्या लेण्यांत मिळालें. तेथील शिलालेखांत दान देणारांचीं नांवें आहेत, आणि त्यांपैकीं कित्येक कल्याणचे. सामिदत्त नांवाच्या एका सोनारानें पाण्याचें टाकें खोदविलें. दुसऱ्या एका लेखांत कल्याणचा लोहार आहे. हे कांहीं राजे नव्हते, कीं दूरदेशचे प्रवासीही नव्हते. भट्टी पेटवून बसणारीं, रोज तेंच दुकान उघडणारीं हीं माणसें. ज्या टाक्याचें पाणी आपण क्वचितच प्यावयाचें, तें त्यांनीं वाटसरूंसाठीं आणि भिक्षूंसाठीं करविलें. आणि नांवापाशीं एवढेंच कोरविलें, कीं आम्ही कल्याणचे.

जाणारे गेले. गांवाचें नांव दगडावर राहिलें तें राहणारांमुळें. त्या लेखापुढें उभा असतां मला माझ्या तीस वर्षांची थोडी लाज वाटली. वाटेवर राहूनही मीं कोणासाठीं एक घागर भरून ठेविली नव्हती.

कदाचित् मला पुण्यास जावें लागेलही. वय कोणाचें ऐकत नाहीं. पण पुढल्या रविवारीं मुलगा यावयाचा आहे. त्याला मी प्रथम कान्हेरीस नेणार आहें. त्या सोनाराचें नांव त्यानें वाचावें. त्यापुढचें गांवाचें नांव मी वाचून दाखवीन.