नावं राहू द्या, पत्ते तर राहूच द्या

दोन-तीन प्रकाशनसंस्था एका मालकीखाली आल्या की त्यांची संकेतस्थळंही एक व्हायला हवीत, आणि ती एक झाल्याचं पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळायला हवं, असं संकेतस्थळं करताना मी बरीच वर्षं मानत होते. एक नाव, एक रंग, एक मेनू. बैठकीत मी याला 'पसारा आवरणं' म्हणायचे आणि समोरच्या माना डोलायच्या. आज माझं मत याच्या बरंच उलट आहे. ते का फिरलं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधीचं मत अगदीच बिनबुडाचं नव्हतं. एकाच गोदामातून निघणारी पुस्तकं तीन वेगळ्या संकेतस्थळांवर विकली जातात, तिन्हींवर वेगळी नोंदणी, वेगळी बास्केट, वेगळा टपालखर्च. नमुना प्रत हवी असलेल्या शिक्षकाने शाळेचं नाव, पत्ता, इयत्ता, माध्यम तीनदा भरायचं. हे मोडायलाच हवं होतं. पण दुसरंही एक कारण होतं, आणि ते तितकंसं उदात्त नाही. विलीनीकरणाच्या करारावर नुकत्याच सह्या केलेल्या संचालकांना ते एकत्र येणं पडद्यावर पाहायचं असतं. भलंमोठं नवं बोधचिन्ह, खाली 'आता आपण एक परिवार' अशी ओळ. असं मुखपृष्ठ दाखवलं की काम पटकन मंजूर होतं. मी ते दाखवत गेले.

माझ्या सादरीकरणात पेंग्विन रँडम हाउसचा दाखला हमखास असायचा. १ जुलै २०१३ रोजी या दोन बलाढ्य संस्था एक झाल्या, मग आपण कशाला कचरायचं, असा माझा सूर. पुढे एकदा नीट बघितलं तर तो दाखला माझ्याच विरोधात जाणारा निघाला. पेंग्विनचा पक्षी १९३५ सालचा, एडवर्ड यंग या तरुण कर्मचाऱ्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन रेखाटलेला. रँडम हाउसचं घर रॉकवेल केंट या चित्रकाराचं. दोन्ही चिन्हांचा संकर होणार अशी सगळ्यांची अटकळ होती आणि त्यावर विनोदही पुष्कळ झाले. पेंटाग्राम या संस्थेने २०१४ मध्ये जे दिलं त्यात पक्षी नव्हता आणि घरही नव्हतं. नुसती अक्षरं होती. समूहातल्या सुमारे अडीचशे छापांपैकी (इम्प्रिंट) कुणाचंही चिन्ह शेजारी आलं तरी खटकू नये, अशी त्यांची ठेवण. समूहाचं नाव समूहापुरतं, पुस्तकावर ज्याचं त्याचं चिन्ह. २०१५ मध्ये स्प्रिंगर आणि मॅकमिलनचा मोठा भाग मिळून स्प्रिंगर नेचर झाली, तिथेही 'नेचर'चं संकेतस्थळ आपल्या जागी राहिलं. १८६९ पासून चालत आलेल्या नियतकालिकाचं नाव पुसून नफा कोणाचा होणार होता?

आपल्याकडे पाहिलं तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. दिल्लीच्या एस. चंद समूहाने विकास, मधुबन, सरस्वती अशी नावं एकामागून एक आपल्याकडे घेतली आणि २०१६ च्या अखेरीस कोलकात्याची छाया प्रकाशनीही घेतली. पण बंगालमधल्या विद्यार्थ्यासाठी छाया ही छायाच आहे. मुंबईच्या नवनीतने त्याच सुमारास ब्रिटानिकाचा भारतातला अभ्यासक्रम-पुस्तकांचा व्यवसाय घेतला. तो इंडियानिका लर्निंग या वेगळ्या नावाने चालतो. पैसे मोजून संस्था विकत घेणाऱ्यांना नावाची किंमत कळते. संकेतस्थळ करणाऱ्या आम्हा मंडळींना ती उशिरा कळते.

मला ती कळली एका कामात. राज्य मंडळाची गाईडं काढणारी एक जुनी संस्था, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढणारी दुसरी आणि मुलांच्या गोष्टींची तिसरी, अशा तिघी एका समूहात आल्या होत्या. मी त्यांचं एक नाव, एक रंग असं देखणं संकेतस्थळ करून दिलं. काही महिन्यांनी शोधपेटीत लोक काय लिहितात त्याची नोंदवही उघडून बसले.

समूहाचं नवं नाव शोधणारे बहुधा समूहातलेच असावेत, इतके थोडे होते. बाकी सगळं होतं इयत्ता, माध्यम आणि विषय: 'आठवी सेमी गणित', 'दहावी विज्ञान भाग २', '१० वी अपेक्षित'. कितीतरी जणांनी मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहिलेलं. त्याखालोखाल जुन्या संस्थांची जुनी नावं, तीही बोलण्यातली, अर्धवट. आणि यातल्या भरपूर शोधांना आमचं उत्तर होतं: 'काहीही सापडलं नाही'. पुस्तक गोदामात होतं. पण यादीत 'इयत्ता दहावी' लिहिलेलं, म्हणून '१० वी' जुळत नव्हतं. जुन्या संस्थेचं नाव मीच यादीतून काढून टाकलेलं, म्हणून तेही जुळत नव्हतं. एक मासला तर विसरता येत नाही. मुलांच्या 'ॲक्टिव्हिटी बुक'चा शोध निम्म्या लोकांना लागत होता, निम्म्यांना नाही. कारण हा 'ॲ' संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एक अखंड अक्षर म्हणून, एक 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ऱ्य'चंही तेच. मुखपृष्ठावरच्या निळ्या रंगाची छटा ठरवायला आम्ही बैठकांवर बैठका घेतल्या होत्या. 'ॲ'वर एकही नाही.

नंतर अप्पा बळवंत चौकात एका दुकानाच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभी राहिले. जूनची गर्दी. पालक प्रकाशनाचं जुनं नाव घेऊन गाईड मागत होते, काही नुसता मुखपृष्ठाचा रंग सांगत होते. दुकानदाराच्या तोंडी तर समूहाचं नवं नाव नव्हतंच. बिलावर मात्र ते छापलेलं होतं. तेवढं पुरेसं होतं, खरं तर.

पुढच्याच रांगेत जुन्या पुस्तकांची थप्पी होती. त्यात आमच्याच समूहाचं एक पुस्तक मिळालं, मलपृष्ठावर क्यूआर कोड: 'उत्तरसूचीसाठी स्कॅन करा'. बालभारतीच्या पुस्तकांवर दीक्षा ॲपचे कोड आल्यापासून मुलांना आणि शिक्षकांना याची सवय झाली आहे. मी स्कॅन केला. नव्या संकेतस्थळाचं मुखपृष्ठ उघडलं. उत्तरसूचीचा पत्ता नाही. जुन्या संकेतस्थळाची सगळी पानं आम्ही सरसकट नव्या मुखपृष्ठाकडे वळवली होती. या धंद्यात हे सर्रास चालतं, कारण सोपं असतं. चौथ्या धड्याची उत्तरं मागणाऱ्या मुलापुढे आम्ही संचालकांचं मनोगत ठेवत होतो!

छापील पुस्तकाचं हे वेगळेपण माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. संकेतस्थळ एका रात्रीत बदलता येतं. पुस्तकावर छापलेला पत्ता बदलता येत नाही, आणि पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतं. प्रकाशनाच्या जगाने हा प्रश्न इतरत्र केव्हाच ओळखला आहे. पुस्तकाचा आयएसबीएन संस्था विकली गेली म्हणून बदलत नाही. संशोधनलेखांसाठी २००० साली क्रॉसरेफ उभी राहिली, ती मुख्यतः यासाठी की लेखाचा डीओआय हा ओळखक्रमांक कायम राहावा, मालक किंवा संकेतस्थळ बदललं तरी संदर्भ तुटू नये. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर १९९८ मध्येच बजावलं होतं की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात. मी ते वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं.

आता मी कामाचा क्रम फिरवला आहे. जे वाचकाला दिसत नाही ते आधी जोडायचं: ग्रंथसूची, साठा, नोंदणी, बिल, टपाल. इथे माझं जुनं मत अजून तसंच आहे. एकच बास्केट हवी, आणि शिक्षकाने माहिती एकदाच भरावी. वरची नावं मात्र हलवायची नाहीत. गाईडचं दालन गाईडच्या नावाने, गोष्टींचं गोष्टींच्या, आणि समूहाचं नाव तळाशी लहान अक्षरात. तेही बँकेला आणि वकिलाला लागतं म्हणून. माझ्या कार्यालयातल्या तरुण सहकाऱ्यांना हे मागासलेलं वाटतं. त्यांच्या मते पाचेक वर्षं चिकाटीने नवं नाव चालवलं की लोकांना सवय होते. होत असेलही. पण दहावीचा मुलगा पाच वर्षं दहावीत नसतो, त्याला या जूनमध्ये पुस्तक हवं असतं.

तेव्हा विलीनीकरणाच्या वाटेवर असलेल्या प्रकाशकांना एक विनंती. बोधचिन्हाची निवड करायच्या आधी आपल्या बाजारातल्या पुस्तकांवर छापलेला प्रत्येक पत्ता आणि प्रत्येक क्यूआर कोड यांची यादी करा. त्यातला प्रत्येक पत्ता त्याच्या नेमक्या नव्या पानाकडे वळवा. मुखपृष्ठाकडे नको. आणि जुनी डोमेनं सोडू नका. एका डोमेनला वर्षाला हजार-बाराशे रुपयांच्या आसपास लागतात. ते वाचवायला गेलात तर सुटलेलं नाव दुसरं कोणीही घेऊ शकतं, जुगाराच्या जाहिराती चालवणारेसुद्धा, आणि तुमच्या पाचवीच्या पुस्तकावरचा कोड मग तिथे उघडतो.