बारा आणे कारवान, चार आणे गावठी

कुत्र्याची जात आम्ही आण्यांत मोजायचो. व्यवहारातले आणे १९५७ साली गेले, पण जामखेडच्या माळावर कुत्र्यांच्या रक्तात ते पुढे कितीतरी वर्षं चालू राहिले. सोळा आणे कारवान, बारा आणे कारवान, निम्मं-निम्मं, आणि ज्याच्या बापाचा पत्ताच नाही ते नुसतं गावठी. पिल्लू पाटीत घालून पारावर आणलं की आधी त्याचे आणे ठरत. एक म्हणे दहा, दुसरा म्हणे सहा, आणि मालक सगळ्यांना चहा पाजून दोन आणे वाढवून घेई. आता पिल्लाबरोबर कागद येतो. त्यावर आज्या-पणज्यांची नावं, खाली शिक्का, आणि पिल्लाच्या कातडीखाली चिप. कागदाशी वाद घालता येत नाही, एवढीच त्यातली अडचण.

कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात, तेच थोड्याफार फरकाने आमच्याकडचं कारवान. तोंड लांब आणि निमुळतं, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं. परगावचा पाहुणा ते बघून हमखास म्हणायचा, ‘अहो, त्याला जरा खायला घाला.’ कानांवर आणि शेपटीवर केसांच्या झालरी असल्या तर ते पश्मी. अफगाण-इराणकडच्या काफिल्यांबरोबर ही कुत्री दख्खनेत आली, असं मानतात. आमच्याकडे ती मोगलाईतून यायची. जामखेड इंग्रजी मुलखात आणि शेजारचे आष्टी, पाटोदा, भूम, परांडा निजामाकडे. १९४८ पर्यंत सरहद्द उशालाच होती. त्यामुळे चांगलं कुत्रं नेहमी पलीकडचं, आणि भुरटं तेवढं अलीकडचं. खर्ड्याकडचे एक गृहस्थ तर शपथेवर सांगत, की १७९५ च्या लढाईत निजामाच्या छावणीतून जी कुत्री मागे राहिली, त्यांचीच अवलाद आपल्या दारात आहे. कुत्रीची पावणेदोनशे वर्षांची वंशावळ तोंडपाठ, आणि स्वतःच्या खापरपणजोबाचं नाव विचारलं की विडी पेटवत.

मग सोळा आणेच का नको? कारण आमचं रान. बालाघाटाची उतरण, वर मुरूम, खाली बरड, कडेने बोरी-बाभळी, आणि मध्येच कुणाची तरी तूर. कारवान नजरेवर पळतं. ससा दिसतोय तोवर त्याला तोड नाही, दिसेनासा झाला की त्याला काम नाही. ज्वारी काढून झाली, धाटं बांधावर रचली की माळ उघडा पडायचा, आणि तेव्हा खरी परीक्षा व्हायची. ससा काही सरळ पळत नाही. तो कुत्र्याचा श्वास अगदी शेपटीवर येऊ देतो, आणि मग कान पाडून एकदम काटकोनात वळतो. सोळा आणे कारवान तोवर दहा हात पुढे गेलेलं. मुरमात चारी पाय घसरताहेत, धुरळा उडतोय, आणि ते तोंड फिरवेपर्यंत ससा तुरीत. मग ते तुरीच्या कडेला मान वर करून आमच्याकडे बघत उभं राही, जणू ससा आम्हीच लपवलाय. ज्याच्या अंगात चार आणे गावठी असे, ते पहिल्या दोन वळणांत सशाचा हिशोब ओळखी. तिसऱ्या वेळी सशामागे न जाता तो जिथे येणार तिकडे तिरकं निघे, आणि तुरीत गेलाच तर नाक खाली घालून मागोमाग शिरे.

पायही गावठीचेच लागत. कारवानची कातडी पातळ, एका बोरीच्या फांदीत चिरायची. गावठीचे तळवे दगडावर घासून निबर झालेले. कारवानला थोडं तरी मानानं वाढावं लागे, गावठी ताक-भाकरीवर खूश. हा झाला हिशोब. तो जुळवणं निराळं. कारवान आणि गावठी यांचं पहिलं वेत एकसारखं निघे. पण त्या निम्म्या-निम्म्यांचीच आपसात पुढची पिल्लं झाली, की एक पिल्लू आजोबाच्या वळणावर, दुसरं गल्लीच्या वळणावर, आणि तिसरं कुणाच्याच नाही. म्हणून जाणती माणसं निम्म्या रक्ताच्या कुत्रीला पुन्हा कारवानच दाखवत. त्यातून बारा आणे हाती लागत. त्यासाठी भर उन्हात कुत्रीला दाव्याला धरून परांड्यापर्यंत चालत गेलेले लोक आम्ही पाहिलेत. सोयरीक जमवायला ते एवढे कधी चालले नसतील.

तो काळच क्रॉसचा होता. रानात हायब्रीड ज्वारी आली होती, आणि १९६७ साली उरुळी कांचनला निघालेल्या बाएफ या संस्थेमुळे गावागावांत जर्सी आणि होल्स्टीनच्या कालवडी दिसू लागल्या होत्या. गायीत चालतं तर कुत्र्यात का नाही, म्हणून कुणीतरी नगरच्या छावणीतल्या लष्करी साहेबाच्या ग्रेहाउंडला कुत्री दाखवून आणली. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. पिल्लं पळाली मात्र जबरदस्त. फक्त मुरमात त्यांची बोटं मोडली, आणि चैत्र लागला तशी ती रांजणाची सावली सोडीनात. आता या रक्ताला पुन्हा भाव आलाय. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांमधून श्वानांच्या शर्यती होतात, पुढे सशाचं बाहुलं ओढत नेतात आणि मागून कुत्री सुटतात. तिथे मैदान सपाट आणि बाहुलं सरळ धावणारं. असल्या सशाला गावठी अक्कल लागत नाही.

हे सगळं चालायचं ते सशासाठी, हे लपवण्यात अर्थ नाही. वन्यजीव संरक्षण कायदा झाला १९७२ साली, आणि त्याच साली दुष्काळ पडला. आमच्या लक्षात दुष्काळ राहिला. दिवसभर खडी फोडून आलेल्याच्या घरी रात्री सशाचं कालवण झालं, तर त्याला कायदा कुणी सांगायचा? पण दुष्काळ सरला तरी हौस सरली नाही, हेही तितकंच खरं. कायदा कळायला आम्हाला दहा वर्षं लागली, पटायला आणखी दहा. शेजारी कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झालं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. आमच्या आज्यांनी माळामाळावर पाहिलेलं जनावर एवढ्याशा तुकड्यात राखावं लागलं, त्यात बंदुकवाल्या साहेबांचा जसा वाटा होता तसा आमच्या बारा आण्यांचाही होता. आज ससा धरणं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा.

कुत्र्यांचे तरी आम्ही कोणते लाड केले? वेतातल्या माद्या ओढ्याकाठी सोडून यायचो आणि त्याला ‘रानात सोडली’ म्हणायचो. कान टोकदार राहावेत, कुत्रं कडक निघावं म्हणून विळ्याने कान छाटायचे आणि वर राख दाबायची. पिल्लांना हगवण लागली की निम्मं वेत जायचं, आणि कुणाची तरी नजर लागली एवढंच निदान व्हायचं. पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, त्यामुळे बरेच जण दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे जात आणि त्यातले काही परत येत नसत. आता जनावरांच्या दवाखान्यात लस मिळते. आता पोरं कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापतात. केकला आम्ही हसतो, पण कान छाटणाऱ्यांनी केक कापणाऱ्यांना नावं ठेवू नयेत.

तरी पिल्लू निवडण्याचा तो सोहळा आठवला की जीव हळहळतो. पिल्लू विकत घेत नसत, मागून आणत. कुत्री गाभण आहे असं कळलं की आधी शब्द टाकून ठेवायचा. डोळे उघडल्यावर एकदा बघून यायचं, चालायला लागल्यावर पुन्हा, आणि दर वेळी त्या घरचा चहा. मग आईचं दूध तुटलं की निवडीचा दिवस. पिल्लू मानगुटीला धरून उचलायचं. केकाटलं तर खाली ठेवायचं, गप्प लोंबकळलं तर तोंड उघडून टाळू बघायचा. टाळू काळा असला की अर्धं काम झालं. त्यानंतर नखं मोजायची. साधं कुत्रं अठरा नखी. मागच्या पायांना जादा अंगठे असले की ते विसनखी, आणि विसनखीसमोर वाघही विचार करतो म्हणे. बोटाने एकेक नख दाबत, ओठातल्या ओठात मोजत बसलेला म्हातारा आणि त्याच्याभोवती श्वास रोखून उभी पोरं. वीस झाली की तो मान वर करायचा, एकोणीस झाली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मालकाच्या हातावर सव्वा रुपया आणि नारळ. घरी आल्यावर उंबऱ्यात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला की पिल्लू घरचं झालं.

आता डॉक्टर सांगतात, त्या जादा नखाचा शिकारीशी काही संबंध नाही. उलट ते कशात तरी अडकून फाटतं. टाळूच्या रंगाचाही नाही. आणि उचलल्यावर केकाटणारं पिल्लू भित्रं नव्हतं, नुसतं शहाणं होतं. आमच्या पारखीचा डंका एवढा का वाजायचा, याचं उत्तर आताशा कळतंय: निघालेली चार चांगली कुत्री आम्ही नावानिशी सांगतो, आणि न निघालेली चाळीस आम्हाला आठवतच नाहीत.

आजची पोरं पिल्लू मोबाइलवर बघतात. फोटो पसंत पडला की पैसे तिकडे आणि पिल्लू इकडे. असा एक हस्की जामखेडात येऊन राहिलाय. बर्फातलं जनावर, मे महिन्यात कुलरपुढून हलत नाही. आम्ही कुत्रं रानाला साजेल असं जुळवायचो, हे घर कुत्र्याला साजेल असं जुळवतात. यात प्रेम कुणाचं जास्त, हा प्रश्न आम्ही मुद्दामच विचारत नाही.

आणि कारवानची तर आता ऐट बघावी. त्याच्या मुधोळ भावाचं २००५ साली टपाल तिकीट निघालं, मग लष्कराने त्याला मेरठला प्रशिक्षणासाठी नेलं, २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं. आनंदच आहे. पण यात मान सगळा सोळा आण्यांचा. जात टिकवायची तर रक्त शुद्धच राखावं लागतं, हे कळतं. मात्र आमच्या बारा-चार आण्यांच्या कुत्र्याला कुठल्याच प्रदर्शनात रकाना नाही. त्याच्यावर तिकीट निघणार नाही, कारण दुसऱ्या वेतात त्याचा चेहराच बदलतो.

विलायतेतही हीच गत आहे. ग्रेहाउंडमध्ये मेंढपाळी कोली किंवा टेरिअर मिसळून तिकडचे गरीब लोक सशामागे धावणारं कुत्रं काढायचे. त्याला लर्चर म्हणतात. किती कोली घालावं, यावर तिकडेही म्हातारे भांडत. २००४ च्या कायद्याने सशामागे कुत्री सोडणं तिथेही बंद झालं, आणि १८३६ पासूनची सशामागच्या कुत्र्यांची वॉटर्लू कप ही शर्यत २००५ साली शेवटची झाली. भांडण अजून चालू असणारच.

आमच्या थापांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. कुत्रं फारच तेज निघालं की मालक आवाज उतरवून म्हणे, ‘याच्या आईला लांडगा लागला होता.’ ऐकणारा मान डोलवी, आणि कुत्र्याचे भाव वाढत. अलीकडे पुणे जिल्ह्याच्या माळावर खरोखरच लांडगा आणि कुत्रा यांचा संकर सापडला, जनुकं तपासून खात्री झाली. अभ्यासक काळजीत आहेत, की असंच चाललं तर माळावरचा अस्सल लांडगा संपेल. आम्ही जी फुशारकी मारायचो, ती आता धोक्याची सूचना झाली आहे.

परवा भावकीतला एक पोरगा आला. ‘आबा, रानडुकरं भुईमूग ठेवीनात. कुत्रं कोणतं आणू? मोबाइलवर एक मुधोळ बघून ठेवलंय.’

पारावरचे आम्ही सगळेच सरसावलो. विचारलं, पळवायचं का राखण करायची? राखण, म्हणाला. मग मुधोळ कशाला, बाबा? ते भुंकण्यात कंजूस. दिसलं जनावर की निघालं मागे, थेट दुसऱ्याच्या शिवारात. आणि उद्या त्यानं हरीण धरलं की वनखातं तुझ्या दारात. तुला हवं ते भुंकणारं, बांध न सोडणारं, पडेल ते खाणारं. सोळा आणे गावठी घे. गल्लीतलंच घे, दोन घे, फुकट मिळतील. लस मात्र टोचून घे.

‘चार आणे तरी कारवान असू दे रे त्यात,’ नाना मधेच म्हणाले.

‘कशाला, नाना?’

‘बांधावर उभं राहिलं की बरं दिसतं.’

झालं. चार की दोन, यावरून पुन्हा जुंपली, आणि पोरगा लसीचं विचारायला दवाखान्यात निघून गेला.