भीती कुणाची?

आज पुन्हा ‘डरना मना है’ हा चित्रपट पाहिला. 2003 चा, प्रवाल रमण यांचा, सहा भयकथांचा. गाडी बंद पडते, मित्र रानात गोष्टी सांगत बसतात. त्या गोष्टींतली माणसं बहुतेक शहरी, सुस्थितीतली. शिल्पा शेट्टीच्या कथेत राजपाल यादव सफरचंदं विकतो आणि ती खाणाऱ्यांचीच सफरचंदं होतात. गरीब माणूस पडद्यावर येतो तो इतरांना घाबरवायला. त्याला स्वतःला कशाची धास्ती आहे, हे कुणी विचारत नाही. मला हे फार लागतं.

रस्टी कंडीफ यांनी 1995 मध्येच ‘टेल्स फ्रॉम द हुड’ या भयपटातून हे विचारलं होतं. पोलिसांनी मारलेला कृष्णवर्णीय पुढारी त्यात सूड घ्यायला परततो. दुसऱ्या कथेतला राक्षस म्हणजे घरात मारहाण करणारा पुरुष. तिथं भीती सोसणाऱ्यांची आहे.

असे सोसणारे आपल्याकडेही आहेत. बजाजनगरात वाळूज एमआयडीसीतल्या कामगारांची घरं. बीड, जालना, परभणीकडून आलेली माणसं मुंजा, हडळ, चकवा सोबत घेऊन आली. त्यात कंत्राट संपण्याच्या भीतीची इथं भर पडली. रात्रपाळीच्या बसमध्ये पाच कामगार, प्रत्येकाच्या गावचं भूत वेगळं आणि बायकांच्या गोष्टी बायकांच्याच तोंडून: असा मराठी चित्रपट मला बघायचाय.