साडेआठचा आकडा

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

गोपाळकाला. रात्रभर पत्रा वाजत राहिला. पहाटे भाऊजी शेतावर जाऊन आले. वरच्या खाचराची मुरी मोकळी केली, पाणी खाली सोडलं, बाकी ठीक म्हणाले. मघा लागायच्या बेतात, म्हणून सासूबाईंचं सुरू झालंच, ‘पडल्या तर मघा, नाहीतर वरती बघा.’ यंदा वरती बघायची वेळ येईलसं दिसत नाही.

अंगणात पागोळ्यांपासून लांब, तेलाचा पंधरा किलोचा डबा वरून कापून ठेवलाय. चौकोनी, सरळ काठाचा. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. वेधशाळा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे चोवीस तास धरते, म्हणून आमचंही वाचन साडेआठलाच. मी लोकलमध्ये असते तेव्हा सासूबाई वाचतात आणि कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितात. आज १०४ मिलिमीटर.

यंदा सगळंच आधी. मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत आला, १९५० पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकर. कुलाब्याला एकट्या मे महिन्यात २९५ मिलिमीटर पडला आणि १९१८ चा २७९ चा विक्रम गेला. पेपरांनी रकानेच्या रकाने भरले. इकडे शहापुरात धूळवाफेवर राब पेरायला कोरडी माती मिळाली नाही, त्याची नोंद कुठे होणार?

१९ ऑगस्ट, मंगळवार

शाळा बंद, हार्बरची लोकल बंद, मीही घरी. मिठी भरली, कुर्ल्यातून माणसं हलवली. संध्याकाळी मोनोरेल मधेच अडकली, साडेपाचशेवर लोक आत, काचा फोडायची वेळ. टीव्हीवर रात्रीपर्यंत तेच. नांदेडच्या मुखेड तालुक्यात परवाच्या रात्री गावांत पाणी घुसलं, लष्कर बोलावलं, माणसं गेली. ते पडद्याच्या तळाशी सरकत्या पट्टीत.

मुंबईचा पाऊस सुरू झाला की २६ जुलै निघणारच. सांताक्रूझला २००५ साली त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्याच दिवशी कुलाब्याच्या यंत्रात ७३ च्या आसपास भरला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. एकाच शहराच्या दोन टोकांना! विहार तलावावर तर हजाराच्याही वर गेला होता. तेव्हा मुंबईत फक्त कुलाब्याचं यंत्र असतं, तर कागदावर तो दिवस जुलैतला एक बरा पाऊस म्हणून राहिला असता. हवामानाचा इतिहास म्हणजे यंत्र जिथे होतं तिथला इतिहास, असं माझं मत होत चाललंय.

नाहीतर रूळ जिथे होते तिथला. आमचं उंबरमाळी स्टेशन असंच बातमीत आलं. २१ जुलै २०२१ ची रात्र. रूळ दिसेनासे झाले, पाणी फलाटाच्या पातळीला लागलं, स्टेशनातून नदी वाहत होती म्हटलं तरी चालेल. कसारा घाटात दरडी आल्या. टिटवाळ्यापासून इगतपुरीपर्यंत गाड्या थांबल्या. मोबाईलवर तो व्हिडिओ इतका फिरला की पुण्याच्या नणंदेनं विचारलं, ‘वहिनी, तुमच्याकडे एवढं मोठं स्टेशन आहे?’ दुसऱ्या दिवशी चिपळूण बुडालं, संध्याकाळी महाडजवळ तळिये दरडीखाली गेलं, ऐंशीच्या वर माणसं. आमचे हाल त्यापुढे काहीच नव्हते, हे खरं. रुळांवरचं पाणी ओसरलं आणि बातमी संपली. त्याच पाण्यानं आमच्या खालच्या दोन खाचरांचे बांध फोडून आत दगडगोटे आणून टाकले होते. लावलेलं आवण गेलं, आणि दगड वेचण्यात दिवाळी उजाडली.

आजचा आकडा १८७.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दीड दिवसाचा गणपती काल पोचवला. परवा गौरी. उघडीप.

गाडी आसनगाव सोडून वाशिंदकडे निघाली की या तारखेला आठवतंच. २९ ऑगस्ट २०१७, सकाळी साडेसहाच्या सुमारास नागपूरहून येणारी दुरांतो याच टप्प्यात घसरली. पावसानं दरड आणि माती रुळांवर आली होती. चालकानं इमर्जन्सी ब्रेक लावला. इंजिन आणि नऊ डबे उतरले, पण कुणीही दगावलं नाही. गावातले लोक चिखलातून धावले, प्रवाशांना उतरवलं. दुपारपर्यंत मुंबईच तुंबली. सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर. दुरांतोची बातमी मागे पडली.

त्याच आठवड्यात अमेरिकेत ह्यूस्टन पाण्याखाली होतं. हार्वी नावाचं चक्रीवादळ टेक्सासवर येऊन थबकलं आणि हलेना. नेदरलँड नावाच्या गावाच्या मापकात काही दिवसांत मिळून दीड हजार मिलिमीटरवर पाऊस भरला. आमच्या पट्ट्याला दीड हजार हा आकडा नवा नाही, पण तो आषाढ-श्रावणात वाटून पडतो, आणि त्याच्यावरच भात उभं राहतं. तिकडे त्यानं शहर बुडवलं. पाऊस किती यापेक्षा किती वेळात आणि कशावर, यानेच सारं ठरतं. हार्वीनं इतकं नुकसान केलं की पुढे ते नाव यादीतून कायमचं काढलं.

३ सप्टेंबर, बुधवार

मुरबाडहून मावसभाऊ आला. रायत्याच्या पुलाची तक्रार जुनीच. उल्हास नदी चढली की कल्याण-मुरबाड रस्ता बंद. २०१९ च्या पुरात तर जोडरस्ताच वाहून गेला होता. त्याच पावसात बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी बोटींतून काढले.

बोलता बोलता तो माळीणवर आला. मुरबाडचा घाटमाथा ओलांडला की पलीकडे आंबेगाव तालुका. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर गावावर आला, १५१ माणसं गेली. आणि बाहेर कळलं कसं? एसटीचा चालक नेहमीच्या फेरीला गेला, तर जिथे गाव दिसायचं तिथे चिखल. इतक्या पावसाची खबर द्यायला यंत्र नाही, सायरन नाही. एसटी!

२८ सप्टेंबर, रविवार

टीव्ही बघवत नाही. सीनेच्या काठची, धाराशिवची, बीडची गावं पाण्यात. गोठ्यात बांधलेली जनावरं गेली, सोयाबीन गेलं, शेतातली मातीच गेली. जायकवाडीतून आज तीन लाख क्युसेकवर विसर्ग सुरू आहे. टँकर आणि चारा छावण्यांची सवय असलेल्या गावांना बोटी लागतायत.

सासूबाई विचारत होत्या, ‘एवढं पाणी आलं कुठून गं?’ मराठवाड्यातच पडलं ते पडलंच. पण थोडं आपल्या डोक्यावरूनही जातं, आत्या, असं मी म्हटलं. कसारा घाट चढून गेलं की इगतपुरी. तिकडचा पाऊस दारणेत, दारणेतून गोदावरीत आणि तिथून जायकवाडीत. घाटाच्या अलीकडे पडला तो भातसात. एकाच ढगाची ही वाटणी.

आणि भातसाचं पाणी कुणाचं, हे शहापूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, त्यातलं ७ लाख १७ हजार एकट्या भातसात. जवळजवळ निम्मं. तानसा तर इंग्रजांच्या काळातलं, १८९२ चं. ऑगस्टात दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना दवंडी, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर. पूर आमचा, साठा मुंबईचा. यात बदल होईल असं मला वाटत नाही, पण लिहून ठेवते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मोसमी पाऊस परतल्याचं जाहीर झालं आणि ऊन पिसाळलं. हळवं कापायला घेतलंय. अकरानंतर शेतात उभं राहवत नाही. खाचरात ओल, वरून ऊन, मधे वाफ. भाऊजींनी आता पहाटे पाचला विळा लावायचं ठरवलं. दुपारी दोन तास सुट्टी.

उन्हाची आपत्ती आपल्याला आपत्ती वाटतच नाही, कारण तिचा फोटो येत नाही. किनारपट्टीवर ३७ अंशांपुढे पारा गेला आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. मुंबईचा उच्चांक ४२.२, १४ एप्रिल १९५२ चा. पण खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्यात १४ माणसं दगावली, तेव्हा पारा असल्या कुठल्याच विक्रमाजवळ नव्हता. उघडं मैदान, भर दुपार आणि दमट हवा, एवढं पुरलं. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या लाटेत पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली, बरीचशी एकटी राहणारी म्हातारी. ऐन सुट्टीचा महिना, घरची मंडळी गावाबाहेर. किती गेले ते नंतर मोजल्यावर कळलं. आमच्या इथे भर उन्हात हंडे वाहणारी बाई चक्कर येऊन पडली, तर दवाखान्याच्या कागदावर ‘अशक्तपणा’ लिहितात.

२७ ऑक्टोबर, सोमवार

व्हायचं तेच झालं. भाऊबीज संपली आणि अरबी समुद्रातल्या कमी दाबानं घोळ घातला. कापून आडवं टाकलेलं गरवं दुपारी भिजायला लागलं. आम्ही सगळे धावलो, जेवढं उचललं तेवढं ओटीवर आणलं. निम्मं राहिलं.

सकाळी एक कवळ उचलून पाहिली. वरची कणसं पिवळी, चांगली. आतून हात घातला तर गरम. दाणे एकमेकांना चिकटलेले, टोकाला बारीक पांढरा मोड, काहींना दोन. हा तांदूळ गिरणीत तुटतो, व्यापारी घेत नाही आणि पेंढ्याला बुरशी लागली की बैलही तोंड लावत नाही. २०१९ मध्ये असंच झालं होतं. तेव्हा क्यार आणि महा, दोन चक्रीवादळं एकाच वेळी अरबी समुद्रात फिरत होती. दोन्हींपैकी एकही आमच्याकडे आलं नाही. नुसत्या त्यांच्या सावलीनं ठाणे जिल्ह्याचं भात कुजलं.

डब्यातला आकडा ५८. महसूल मंडळाच्या यंत्रात, भाऊजींनी विचारून घेतला, २१. यंत्र डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची रेघ ओलांडली तर ती अतिवृष्टी. आमच्याकडे ५८ काय आणि २१ काय, दोन्ही रेघेखालीच. पण कापलेल्या भाताला ६५ कुठे लागतात? दहाही पुष्कळ झाले.

२ नोव्हेंबर, रविवार

विम्याचं विचारायला शेजारचे काका आले होते. पूर्वी कापणीनंतर चौदा दिवसांच्या आत शेतात पडलेलं पीक भिजलं तर त्याची वेगळी तक्रार देता यायची. यंदाच्या खरिपापासून राज्यानं ती सोय काढली, आता भरपाई पीककापणी प्रयोगातल्या सरासरी उत्पन्नावर. सरासरी मंडळाची, भात आपलं. एक रुपयातला विमा गेला आणि हप्ता वाढला, त्यावर पुष्कळ आरडाओरडा झाला. हे कलम गेलं त्याबद्दल आमच्याकडे कुणी ब्र काढला नाही. आमच्या पट्ट्याचं खरं नुकसान याच कलमात आहे. ऑक्टोबरात जाहीर झालेल्या ३१ हजार ६२८ कोटींच्या पॅकेजमधलं आमच्या वाट्याला काय येतं ते बघायचं. पंचनाम्याला माणूस येऊन गेला. कालनिर्णयची पानं मी त्याला दाखवली. हसला, पण मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला.

काकांना सांगितलं तेच इथे लिहिते. भिजलेल्या भाताचा फोटो तारखेसह काढा, अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि पुढच्या मेपासून प्रत्येक पाड्यावर एकानं तरी सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवून सकाळी साडेआठला पट्टी लावावी. सरकार तो आकडा मानेल न मानेल. ग्रामसभेत विचारायला आपल्या हाती काहीतरी हवं.