ताईचा कॉम्प्युटर आणि मी

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या डिसेंबरात, एका शुक्रवारी रात्री मी आमच्या घरातला कॉम्प्युटर बंद पाडला. ‘बंद पडला’ असे मी त्या रात्री सर्वांना सांगत होतो. पण कॉलेजच्या अंकात तरी खोटे लिहू नये.

तो कॉम्प्युटर माझा नव्हे, ताईचा. आबा बार्शीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. दोघांना कॉलेजात घालणे त्यांच्याने होणारे नव्हते, तेव्हा बारावी झाल्यावर ताई थांबली आणि मी पुढे निघालो. हे कुणी ठरवले असे नाही. ठरवावे लागले नाही, इतकेच. ताईने मराठी टायपिंगची ३० शब्दांची परीक्षा दिली, आईने बचत गटातून कर्ज काढले आणि २०२१ साली बंद होत असलेल्या एका सायबर कॅफेतून ७,००० रुपयांना हे यंत्र आमच्या घरी आले. तेव्हापासून लग्नपत्रिका, अर्ज, करारनामे, लोकांच्या आत्मचरित्रांची पहिली दोन प्रकरणे (तिसरे सहसा येत नाही) असे काय काय ती पानाला २० रुपये दराने टाइप करते. माझी परीक्षा फी त्यातूनच जाते.

त्या शुक्रवारी तिच्याकडे एका निवृत्त गुरुजींचे हस्तलिखित होते. विषय, त्यांच्या गावचा इतिहास. पाने १६०. त्यांतली १४० झाली होती आणि सोमवारी सगळी द्यायची होती. पेन ड्राइव्हवर तिने नक्कल ठेवली होती ती पहिल्या ६० पानांची.

यंत्रातून काही दिवस टकटक असा आवाज येत होता. त्यात डिस्क दोन. एक मूळची ५०० जीबीची, फिरती. दुसरी २०२३ साली दुरुस्तीवाल्याने बसवून दिलेली २४० जीबीची एस.एस.डी. विंडोज नवीवर, ताईच्या फायली नवीवर. जुनी नुसती पोटात बसून टकटक करणार! मग तिला ठेवायचीच कशाला? माझे तर्कशास्त्र बिनतोड होते. ताई स्वयंपाकघरात असताना मी डबा उघडला, जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या आणि बटण दाबले.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली : रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.

“काय म्हणतंय?” आबांनी विचारले.

“बूट होत नाही म्हणतंय.”

“मग चप्पल घाल म्हणावं.”

एरवी आम्ही हसलो असतो. पण ताई दारात येऊन उभी होती.

घाईघाईने मी जुनी डिस्क पुन्हा जोडली. ती चार वेळा टकटकली आणि गप्प झाली. यंत्राच्या यादीत तिचे नावच येईना. यादीत एस.एस.डी. दिसत होती. तिला पहिला क्रमांक देऊन पाहिला, तरी ओळ तीच. दुकानात फोन केला. “फॉरमॅट मारावा लागंल. ५०० रुपये. डेटाची गॅरंटी नाही.” ताई रागावली असती तर बरे झाले असते. तिने हस्तलिखिताची पाने क्रमाने लावली, वर फडके झाकले आणि ती भांडी घासायला गेली.

शनिवारी तास संपल्यावर मी आपल्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बसलो. आर्ट्सचा विद्यार्थी तिथे सहसा फिरकत नाही. लॅबमधल्या सरांनी आधी ओळखपत्र मागितले, मग हकिगत ऐकली, मग स्वतःच खुर्ची सरकवून दिली. चार तास वाचले तेव्हा कुठे उलगडा झाला.

सुरू होताना यंत्राला फारसे काहीच ठाऊक नसते. आमच्यासारख्या जुन्या धाटणीच्या यंत्रात बायोस नावाचा छोटा प्रोग्राम डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यातले ५१२ बाइट्स वाचतो. मराठी मजकूर धरला तर त्यात जेमतेम १७० अक्षरचिन्हे मावतील, पोस्टकार्डाच्या चारपाच ओळी! त्या ओळी एवढेच करतात, की ‘अॅक्टिव्ह’ अशी खूण केलेला भाग शोधून पुढचे काम त्याच्याकडे सोपवतात. त्या भागात बूटमॅनेजर असतो, आणि तो विंडोजला उठवतो. स्वतःच्या बुटाचा बंद धरून स्वतःलाच वर उचलायचे, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून याला ‘बूट’ म्हणतात, हेही त्या दिवशी कळले. आबांचा विनोद अगदीच चुकीचा नव्हता.

आता आमच्याकडे झाले होते असे. २०२३ साली नव्या डिस्कवर विंडोज घालताना जुनी तशीच जोडलेली होती. तिच्यावर आधीची खूण होती, म्हणून विंडोजने बिऱ्हाड नव्या घरात हलवले, पण किल्ली जुन्याच घराच्या खुंटीला ठेवली. दोन वर्षे दोन्ही घरे शेजारी असल्याने कुणाला पत्ता नव्हता. जुनी डिस्क काढून ठेवून मग विंडोज घातले असते तर हा प्रसंगच आला नसता.

म्हणजे फायली बहुधा शाबूत होत्या. त्या ‘बहुधा’वर मी घरी परतलो. सोबत १६ जीबीचा एक उसना पेन ड्राइव्ह. त्यावर लॅबमध्ये विंडोज बसवण्याची सामग्री उतरवून घेतली होती आणि वहीत काही आज्ञा लिहून आणल्या होत्या.

रात्री जेवणे झाल्यावर बसलो. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू झाले. ‘इन्स्टॉल’च्या मोठ्या बटणाला हात न लावता कोपऱ्यातले दुरुस्तीचे बटण दाबायचे आणि तिथून काळी खिडकी उघडायची. खिडकी उघडली आणि माझी बोटे थरथरू लागली. याच खिडकीत ‘क्लीन’ अशी एक आज्ञा चालते, तिने सबंध डिस्क पुसली जाते, हेही मी वाचून आलो होतो.

“सरक,” ताई म्हणाली. “तू वाच, मी टाइप करते.”

मी वही उघडली.

“थांब. आधी माझं काम बाहेर काढ.”

हे माझ्या चार तासांच्या अभ्यासात सुचलेच नव्हते! पण लॅबमधले सर जाता जाता एक युक्ती बोलले होते ती आठवली. काळ्या खिडकीत ‘नोटपॅड’ असे लिहायचे, नोटपॅड उघडला की ‘ओपन’वर जायचे आणि सगळ्या प्रकारच्या फायली दाखवायला सांगायचे. ताईने तसे केले. डिस्कच्या अक्षरांची अदलाबदल झाली होती. सी हे अक्षर पेन ड्राइव्हने घेतले होते आणि आमचे विंडोज डी झाले होते. डीमध्ये शोधता शोधता ‘गुरुजी’ नावाचा फोल्डर दिसला. तिने तो तिथूनच उचलला आणि पेन ड्राइव्हवर ठेवला. मग इतर गिऱ्हाइकांचे फोल्डर, एकेक करून. अर्धा तास ती काही बोलली नाही.

मग डिस्कपार्ट. यादीत आमची डिस्क २४० ऐवजी २२३ जीबीची दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. १७ जीबी कुठे गेले? कुठेच नाही, कारखानदार हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. विंडोजचा भाग निवडून ताईने ‘अॅक्टिव्ह’ लिहिले. खूण झाली. अधीरपणाने मी यंत्र पुन्हा सुरू करायला लावले, तर नवीनच ओळ : बूटएमजीआर इज मिसिंग.

“आता हे काय?” आई म्हणाली.

मला मात्र धीर आला. कालची तक्रार गेली होती आणि नवी आली होती. यंत्राला घर सापडले होते. नुसती किल्ली नव्हती. पुन्हा पेन ड्राइव्ह, पुन्हा काळी खिडकी. मी एकेक अक्षर सांगत गेलो : बीसीडीबूट, जागा सोड, डी, कोलन, उलटी तिरकी रेघ, विंडोज, जागा सोड, सुलटी तिरकी रेघ, एस, जागा सोड, डी, कोलन, जागा सोड, सुलटी तिरकी रेघ, एफ, जागा सोड, बायोस. ताईने कीबोर्डकडे एकदाही पाहिले नाही. एंटर दाबण्याआधी ओळ तिने मनातल्या मनात दोनदा वाचली, जशी ती गिऱ्हाइकाचे पान वाचते.

बूट फाइल्स तयार झाल्याची ओळ आली. पेन ड्राइव्ह काढला, यंत्र सुरू केले. विंडोजची खिडकी आली, मागून ताईने लावलेले पंढरपूरच्या विठोबाचे चित्र आले. आबा खाटेवर उठून बसले आणि हात जोडून पुन्हा आडवे झाले.

साडेअकरा वाजले होते. मला वाटले, आता झोपायचे. ताईने हस्तलिखितावरचे फडके काढले, पान १४१ माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “वाच. अक्षर किचकट आहे, मला दिव्यात दिसत नाही.”

मी वाचू लागलो. पान दुष्काळावरचे होते. दुसऱ्याच ओळीला तिने मला थांबवले.

“सावकाश. आणि ऱ्हस्व-दीर्घ सांगत जा. गुरुजींचं आहे.”