छातीवरची उशी

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या हृदयावर बायपासची शस्त्रक्रिया झाली. छातीचे मधले हाड उभे कापून, काम उरकल्यावर पोलादी तारांनी पुन्हा जुळविण्यात आले. शस्त्रक्रियेचे भय रुग्णालयातच सरले. दुसरे मात्र घरी आमच्याच पलंगावर वाट पाहत होते.

चाळीस वर्षे आम्ही डाव्या कुशीवर निजत आलो. आता उताणे निजण्याची आज्ञा होती. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरते भक्कम व्हायला सुमारे तीन महिने; तोवर कुशीवर भार नको. हे दिवसा पटते. रात्री दोन वाजता उताण्या माणसाला स्वतःचे ठोके मोजण्यावाचून उद्योग नसतो. शिवाय उताणा, हात जुळवून निजलेला देह आम्ही आजवर शवपेटीतच पाहिलेला!

परिचारिका असलेल्या आमच्या कन्येने पाठीमागे उशांची उतरण रचली, एक उशी गुडघ्यांखाली दिली, झोपेत कलंडू नये म्हणून दोन्ही बगलांना चादरीच्या वळकट्या लावल्या. तरीही पहिला आठवडा खरी झोप लागली ती ओटीवरच्या आरामखुर्चीत. वेदनाशामक गोळी मात्र आम्ही बाणेदारपणे नाकारीत होतो. "पप्पा, प्रायश्चित्तकाळ संपून दोन महिने झाले," ती म्हणाली. निजण्यापूर्वी अर्धा तास गोळी घेऊ लागलो आणि डोळा लागू लागला.

पलंगावर परतलो त्या रात्री लघवीला उठताना सवयीने दोन्ही हात रेटले. छातीतून कळ गेली. तार तुटली या खात्रीने आम्ही पहाटेपर्यंत बसून राहिलो. सकाळी डॉक्टरांनी दूरध्वनीवर विचारले, हालताना हाड कटकट वाजते काय? जखमेतून पाणी, ताप, धाप? काहीच नव्हते. मग कन्येने उठणे शिकविले: गुडघे वाकवा, उशी छातीशी कवटाळा, ओंडक्यासारखे सबंध अंग एकदम वळवा, पाय खाली सोडा, म्हणजे त्यांच्या भाराने धड वर येते, हातांनी रेटायचे नाही. मिनिटभर बसा, मगच उभे राहा. रक्तदाबाच्या गोळ्यांनी भोवळ येते. खोकतानाही तीच उशी.

एके रात्री जाग आली तेव्हा सौभाग्यवतीचा तळहात आमच्या नाकापाशी होता. ती श्वास तपासीत होती. किती रात्रींपासून, कोण जाणे. आम्ही निजल्याचे सोंग केले. दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्याजवळची पितळी घंटी उशाशी आणून ठेविली व गरज पडल्यास वाजविण्याचे वचन दिले. त्या रात्री ती घोरली. आम्ही ते घोरणे ऐकत बराच वेळ जागे होतो, पण ठोके मोजले नाहीत.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी कुशीची परवानगी दिली. उशी कवटाळून आम्ही हळूच डावीकडे वळलो. मागून आवाज आला, "अहो, आता ती उशी तरी सोडा."