दार कुठून?

खरं सांगू? गोंदियाला पोचायच्या आधीच माझा लेख तयार होता! महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर लॅपटॉप उघडून हेडिंगसुद्धा टाकून झालं होतं : ‘गोंडांना मिळणार हक्काचं गोटुल’.

माझी आर्किटेक्ट मैत्रीण सालेकसा तालुक्यातल्या एका गावासाठी डिझाइन करत होती. तिचं पहिलंच स्वतंत्र काम. गोटुल म्हणजे गावानं एकत्र जमायची, ठरवायची, नाचायची जागा. व्हेरियर एल्विननं मुरियांच्या गोटुलवर १९४७ साली पुस्तक लिहिलं. पण बाहेरच्यांना त्या शब्दात बहुतेक वेळा ‘तसलंच’ काहीतरी ऐकू येतं.

गावात तिनं थ्रीडी चित्रं दाखवली. गोल इमारत, कौलं, मधे चौथरा. एकदम सॉलिड! पोरं खूश. एक आजोबा मात्र प्लॅनवर वाकून बसलेले.

“बाई, आत आलेला मानूस कोनीकडून फिरंल?”

“डावीकडे वळून, आजोबा. देवळात प्रदक्षिणा घालतो तसं.”

त्यांनी कागदावर बोट फिरवलं. घड्याळाच्या उलट. “आमी असे फिरतो. लग्नातबी, नाचतानीबी.”

मैत्रिणीचा चेहरा पडला. एक रेघ खोडून भागणार नव्हतं. दार, पायऱ्या, भिंती... सगळंच उलटं होतं.

दुसऱ्या दिवशी आजोबा आम्हाला कचारगडला घेऊन गेले. माघ पौर्णिमेला इथं गोंडांची मोठी यात्रा भरते. कली कंकालीची ३३ मुलं याच गुहेत कोंडली होती आणि पारी कुपार लिंगोनं ती सोडवली, अशी कथा. गुहेच्या तोंडाशी मैत्रीण बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “कॉलेजात किवा शिकवला होता, आठवतं? अमेरिकेतल्या प्युब्लो लोकांची विधींची खोली. तिच्या जमिनीत एक छोटं भोक असतं, सिपापू. आपले पूर्वज जमिनीखालून वर आले, त्याची ती खूण. गोष्ट माहीत नसेल, तर ते नुसतं भोक. परीक्षेत मला त्याचे पैकीच्या पैकी मार्क होते. आणि इथं यायच्या आधी मी एकालाही गोष्ट विचारली नाही.”

त्या रात्री तिनं लॅपटॉप बंद केला आणि कोरा कागद आजोबांपुढे सरकवला. डेडलाइन दोन महिने पुढे गेली. फी? तेवढीच.

परतीच्या गाडीत मी ते हेडिंग डिलीट केलं. ‘मिळणार’ काय डोंबल! गोटुल त्यांच्याकडे होतंच. दार कुठून, एवढंच आम्हाला विचारायचं होतं.